पहिला हलका तंबू घेताना

वजनाच्या आकड्याआधी कापड बघ. सिलनायलॉन, म्हणजे सिलिकॉनचा लेप दिलेलं नायलॉन, मजबूत, पण ओलं झालं की ताणून सैल पडतं. म्हैसमाळच्या पठारावर श्रावणात रात्री दोनदा उठून दोऱ्या आवळल्यात मी. सिलपॉली, म्हणजे तसाच लेप दिलेलं पॉलिस्टर, तेवढं सैलावत नाही. सुरुवातीला तेच घे. डायनिमाचा (प्लास्टिकच्या तंतूंचं अगदी हलकं कापड) एकट्यापुरता तंबू अर्ध्या किलोच्या आसपास भरतो, पाणी पीत नाही, पण किंमत फार आणि टोकदार वस्तूचं त्याला वावडं. आपल्याकडं तर पावलोपावली बाभळीचे काटे! तळाखाली जाड प्लास्टिक हवंच.

चालायच्या काठ्यांवर उभे राहणारे तंबू खुंट्यांवरच तगतात. पण आपल्याकडं बऱ्याच ठिकाणी खाली काळा पाषाण, खुंटी शिरतच नाही. तिथं दोरी दगडाला बांधायची. ते आधी घराच्या गच्चीवर शिकून घे. पाणी झिरपू नये म्हणून शिवणीला सिलिकॉन लावलंय का, तेही दुकानदाराला विचार.