पाणी-प्रश्न: टीडीएस १८० आहे, मग काळजी कसली?

प्रश्न: ताई, आमच्या महाविद्यालयाचं राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं शिबिर जानेवारीत आहे. ६० मुलं, मुक्काम जिल्हा परिषदेच्या शाळेत. गावच्या विहिरीचं पाणी शाळेच्या ५,००० लिटरच्या टाकीत येतं. टीडीएस मीटरवर १८० आलं. सरपंच म्हणतात, गावाला पाणी सुरक्षित असल्याचं हिरवं कार्ड आहे. एवढं पुरे ना? की जार मागवू?
– एक कार्यक्रम अधिकारी, जि. सातारा

उत्तर: सर, ते मीटर बॅगेत ठेवून द्या. ते पाण्यात विरघळलेले क्षार मोजतं, जंतू नाही. विहिरीत सांडपाणी झिरपत असलं तरी आकडा १८० दिसू शकतो. आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात क्षारांची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, म्हणजे पाणी गोडं आहे एवढंच कळलं. त्याच मानकात १०० मिलिलिटरमध्ये ई-कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारा जंतू, अजिबात चालत नाही. शिबिरात मुलं आडवी होतात ती अशा जंतूंनी.

सरपंच खोटं बोलत नाहीत. पण कार्ड ठरतं ते वर्षातून दोनदा होणाऱ्या सर्वेक्षणावर: विहिरीचा कठडा, शेजारचा उकिरडा, गळक्या वाहिन्या, टीसीएलचा म्हणजे ब्लीचिंग पावडरचा साठा. त्यावरून तुमच्या मुलांच्या पेल्यातलं आजचं पाणी कळत नाही. जिल्हा प्रयोगशाळेत असताना मी विहीर शुद्ध आणि शाळेचा नळ दूषित असे अहवाल कितीतरी पाहिलेत. दोष टाकीचा. झाकण सरकलेलं, तळाला गाळ, त्यात कबुतरं.

तेव्हा आधी टाकी घासून घ्या. नमुना शिबिराच्या दहा दिवस आधी द्या, कारण जंतूंच्या तपासणीला वेळ लागतो. बाटली प्रयोगशाळेचीच हवी, निर्जंतुक केलेली. बिसलेरीची रिकामी बाटली आणली की नमुना बाद. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला, म्हणजे गावच्या पाण्याची देखरेख करणाऱ्याला, सांगा, त्याला ही वाट माहीत असते. प्राथमिक आरोग्य केंद्रातही शिबिराची कल्पना देऊन ठेवा.

मग टीसीएल. ताजी असेल तर १,००० लिटरला अडीच ग्रॅम, तुमच्या भरलेल्या टाकीला साडेबारा. किराणा दुकानाच्या काट्यावर तोला, मूठ-चिमूट नको. बादलीत कालवून चुना खाली बसू द्या आणि वरचं निवळ तेवढं टाकीत ओता. तासाभराने सगळ्यात लांबच्या नळाचं पाणी ओटी टेस्टने बघा; त्यात औषधाचे थेंब टाकले की क्लोरीन असलेलं पाणी पिवळं होतं. लिटरला ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं मिळालं की ठीक. पुढेही ०.२ च्या खाली जाऊ देऊ नका. रंग पिवळा आलाच नाही तर पावडर जुनी असू शकते. पोतं उघडं राहिलं की तिचा जोर जातो. टाकी पुन्हा भरली की हे सगळं पुन्हा.

मुलं म्हणतील औषधाचा वास येतो, आणि गुपचूप शेतातल्या बोअरवर जातील. तिथे एक स्वयंसेवक उभा करा! ऊसपट्ट्यात असाल तर त्या पाण्यात नायट्रेटही असू शकतं आणि ते उकळून जात नाही. मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. खरा धोका तान्ह्या बाळांना. तुमच्या मुलांची त्यापायी झोप घालवू नका.

तुरटीने गाळ बसतो, जंतूंचा भरवसा नाही. जारवर सील आणि एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी परवाना क्रमांक नसेल तर ते नुसतं गार केलेलं पाणी. त्यापेक्षा टीसीएल टाकलेली टाकी मी पसंत करेन.