तेराव्या मिनिटाला अडणारा व्हॉल्व्ह

प्रश्न : सर, अंबडला आमचं छोटं युनिट आहे. ठिबकचे व्हॉल्व्ह चालवणारे कंट्रोलर बनवतो, गिऱ्हाईक निफाड-दिंडोरीकडचे द्राक्षवाले. चिप एटीमेगा ३२८पी (एव्हीआर जातीची), कोड सीमध्ये, एका ठिकाणी असेंब्ली, म्हणजे थेट चिपच्या सूचना. वेळ १२ मिनिटांपर्यंत लावली तर सगळं सुरळीत. १३ लावली की व्हॉल्व्ह उघडतो तो बंदच होत नाही. कोडात ‘व्हॉल्व्ह = ०’ साफ लिहिलंय. गेलेले लिटर सिरियलवर दाखवायची ओळ मध्ये टाकली की दोष गायब! टायमर इंटरप्टमधलं (ठरल्या वेळी मुख्य कोड थांबवून होणारं) काम मात्र कायम बरोबर. हा सीचं चिपच्या सूचनांत भाषांतर करणाऱ्या कंपायलरचा बग ना? भागीदार म्हणतो, चिप चालू होताना रजिस्टरमध्ये (चिपच्या आतले एकेका बाइटाचे खण) कचरा असतो, सुरुवातीलाच ३२ च्या ३२ शून्य करून टाकू. पुढे वॉचडॉगही (कोड अडकला तर चिप रीसेट करणारा टायमर) लावायचाय. ऑक्टोबर छाटणीच्या आत माल द्यायचाय. कोड आणि बोर्डाचा फोटो सोबत आहे.
– एक वाचक, अंबड, नाशिक

उत्तर : कंपायलरला बोल लावण्याआधी त्याने काय लिहून दिलंय ते वाचायचं, हा माझा जुना हट्ट. तुमचा कोड गंगापूर रोडवरच्या माझ्या टेबलावर बांधला आणि ऑब्जडम्पने (तयार झालेल्या सूचना दाखवणारं साधन) उलगडून पाहिला. ‘व्हॉल्व्ह = ०’ या ओळीचं भाषांतर एकच सूचना आहे : आर१ या रजिस्टरमधलं जे असेल ते व्हॉल्व्हच्या पत्त्यावर ठेव. शून्य कुठेच लिहिलेलं नाही! कारण एव्हीआरच्या जीसीसी या कंपायलरमध्ये ठरलेलंच आहे, आर१ म्हणजे शून्य. ते कोणी बिघडवणार नाही या भरवशावर कंपायलर चालतो.

आता तुमचं असेंब्ली बघा. टिक ३ सेकंदांची, म्हणजे मिनिटाला २०, म्हणून तुम्ही मिनिटांना २० ने गुणता आणि त्यासाठी ‘मल’ ही गुणाकाराची सूचना वापरता. मलचं उत्तर आर१ आणि आर० या जोडीत येतं, वरचा बाइट आर१ मध्ये. १२ गुणिले २० म्हणजे २४०, एका बाइटात मावलं, आर१ शून्यच राहिला. १३ गुणिले २० म्हणजे २६०. आर० मध्ये ४ उरले, आर१ मध्ये १ गेला. पुढच्याच ओळीत व्हॉल्व्हला ‘शून्य’ दिलं, ते पोचलं १ होऊन. व्हॉल्व्हने हुकूम तंतोतंत पाळला हो!

लिटरची ओळ टाकल्यावर दोष का पळाला? तिथे मिनिटं गुणिले प्रवाह हा गुणाकार साध्या सीमध्ये आहे. कंपायलर स्वतः मल वापरतो तेव्हा लगेच आर१ पुसतो; तुमची घाणही त्यातच साफ झाली. इंटरप्टचंही तसंच. आत शिरताना तो आर१ जपून ठेवतो, शून्य करतो, आपलं काम उरकतो आणि जाताना तुमचा १ जसाच्या तसा परत ठेवतो. मेनमध्ये (मुख्य कोडात) चुकतंय आणि इंटरप्टमध्ये नाही, एवढ्यावरूनच मला आर१ चा वास आला होता.

उपाय : उत्तर दुसरीकडे हलवल्यावर असेंब्लीच्या शेवटी ‘क्लिअर आर१’ लिहा. असेंब्ली कोणती रजिस्टरं बिघडवते हे कंपायलरला सांगणाऱ्या क्लॉबरच्या यादीत नुसतं आर१ टाकून भागत नाही. माझं ऐकाल तर असेंब्ली काढूनच टाका. एका बाइटाला १६ बिटांत कास्ट करून (रुंदावून) सीमध्ये गुणा, ऑप्टिमायझेशन चालू असलं की कंपायलर तीच मल सूचना घालतो.

भागीदारांचं निम्मं बरोबर आहे. आर० ते आर३१ चिप स्वतः पुसत नाही. पण मेनच्या आधी जीसीसीचा स्टार्टअप कोड आर१ आणि स्टेटस रजिस्टर शून्य करतो, स्टॅक लावतो, डेटा भरतो, बीएसएस (शून्यापासून सुरू होणाऱ्या व्हेरिएबलांची जागा) पुसतो. बाकीची रजिस्टरं कंपायलर किंमत भरल्याशिवाय वाचतच नाही. ३२ पुसून हाती काही लागणार नाही, बिघाड नंतरचा आहे.

त्यांनी काळजी करायचीच तर पोर्टांची करावी. रीसेटनंतर डीडीआर (पिनांची दिशा ठरवणारं रजिस्टर) आणि पोर्ट दोन्ही शून्य, म्हणजे सगळ्या पिना इनपुट आणि अधांतरी. फोटोत व्हॉल्व्ह चालवणाऱ्या मॉसफेटच्या (इलेक्ट्रॉनिक स्विचच्या) गेटवर पुलडाउन, म्हणजे गेटला शून्यावर ओढून धरणारा रेझिस्टर, दिसत नाही. शेतात वीज येते-जाते, दर वेळी कोड सुरू होईपर्यंत गेट वाऱ्यावर. गेट ते ग्राउंड १० किलोओहम लावा, आजच.

वॉचडॉग लावायचाय असंही लिहिलंय. लावा, पण वॉचडॉगने रीसेट केल्यावर एमसीयूएसआर या रीसेटचं कारण नोंदवणाऱ्या रजिस्टरमधला डब्ल्यूडीआरएफ बिट १ राहतो आणि तोवर वॉचडॉग बंद होत नाही. वर मुदत सर्वांत कमी, साधारण १६ मिलिसेकंद. तुमचा डिस्प्ले सुरू व्हायलाच त्याहून जास्त वेळ लागतो, बोर्ड रीसेटच्या फेऱ्यात अडकेल. इनिट३ मध्ये (स्टार्टअप कोडाचा मेनच्या आधीचा एक टप्पा) आधी एमसीयूएसआरची नक्कल ठेवा, मग तो पुसा, मग वॉचडॉग बंद करा. नक्कल स्टार्टअप कोड हात न लावणाऱ्या नोइनिट सेक्शनमध्येच हवी, नाहीतर पुढचा टप्पा इनिट४ बीएसएसबरोबर तीही पुसून टाकेल.