मैत्रीण वाटला चल म्हणतेय, तर जा

अगं, मेसेज वाचला तुझा. ऑफिसमधली थाई मैत्रीण रविवारी वाटला चल म्हणतेय आणि तू विचारतेस काय घालू, काय करू, काही चुकलं तर. (तिकडे बौद्ध मंदिराला वाट म्हणतात हे कळल्यावर मी नवीन असताना 'वाट लागली'चे जोक मारायचे, हसायला कोणी नव्हतं.)

आधी जा तर खरी. बँकॉकमध्ये असताना मी एकटीने, हातात नकाशा घेऊन पाहिलेल्या वाट आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेल्यात, सोनेरी शिखरं आणि फरशीचे चटके एवढंच आठवतं. मैत्रिणीसोबत गेले त्या मात्र एकेक लक्षात आहेत.

कपड्यांचं सोपंय, खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. चपला पटकन निघणाऱ्या घाल कारण दर दाराशी काढाव्या लागतात. उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही, ओलांडायचा. बसल्यावर तळवे मूर्तीकडे किंवा भिक्खूंकडे नकोत, बायका दोन्ही पाय एका बाजूला मागे दुमडून बसतात, पाच मिनिटांत मुंग्या येतात, येऊ देत. बाकी ती करेल ते तिच्यामागून कर.

ग्रँड पॅलेसच्या आवारातल्या वाट फ्रा केओला गेलात तर तिला फुकट आणि तुला 500 बाटचं तिकीट. तिलाच जास्त ऑकवर्ड होतं, म्हणून तू हसून काढ आणि पुढे चल, तिला पैसे भरू देऊ नकोस.

आता माझी चूक सांगते, कारण आपण भारतीय हमखास हेच करतो. मैत्रीण गुडघ्यावर बसून बांबूच्या नळकांड्यातल्या काड्या खडखड हलवत होती, एक काडी बाहेर पडली की तिच्यावरच्या नंबरचा भविष्याचा कागद घ्यायचा, सियामसी म्हणतात त्याला. आणि मी तिथेच चालू झाले, की बुद्धाने असलं काही सांगितलं नव्हतं, खरा धम्म वेगळा, तो आमच्याकडचा, वगैरे वगैरे. ती काही बोलली नाही, कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. त्यानंतर चार-पाच महिने तिने मला कुठे बोलावलं नाही. माझं म्हणणं पुस्तकात बरोबर असेल गं, पण तिची आई आजारी होती आणि ती त्यासाठी आली होती, हे मला खूप उशिरा कळलं. तेव्हा 'बुद्ध आमचाच' हे वाक्य घरीच ठेवून जा, तिला ते माहिती आहे, बुद्धगयेला जायचं स्वप्न तिकडे कित्येक जण बघतात.

त्यापेक्षा कान उघडे ठेव, मजा येते. पाप-पुण्यातल्या पुण्याला ते बुन म्हणतात, चैत्याला चेदी. भिक्खूंना साबण, टूथपेस्ट, चहा असलं सामान भरलेली पिवळी बादली देतात, तिचं नाव सांखथान, म्हणजे आपलं संघदान. पाठ सुरू झाला की लांबलचक थाई उच्चारांतून 'नमो तस्स भगवतो' ओळखू येतं, मला पहिल्यांदा काटा आला होता अंगावर.

बादली देताना एक लक्षात ठेव, बाईने भिक्खूच्या हातात काही द्यायचं नाही, त्यांना स्पर्श होता कामा नये. ते समोर कापड पसरतात त्यावर ठेवायचं. मला राग आला होता तेव्हा, अजूनही पूर्ण पटलेलं नाही, पण तो वाद त्या खोलीत घालायचा नाही, नंतर कॉफी पिताना मैत्रिणीला विचार, तिचीही स्वतःची मतं असतात आणि ती तुझ्यापेक्षा तिखट असू शकतात.

मग भिक्खू पाठ म्हणत असताना छोट्या भांड्यातलं पाणी बारीक धारेने वाटीत सोडतात, मिळालेलं पुण्य गेलेल्या माणसांच्या नावाने द्यायचं. अगदी आपलं उदक सोडणं. नंतर ते पाणी झाडाच्या मुळाशी ओततात. ती तुलाही भांडं देईल. घ्यायचं की नाही ते तू ठरव, तीन वेळा डोकं टेकवायचं की नुसतं हात जोडून बसायचं तेही. श्रद्धा नसली तर नाटक करू नकोस, शांत बसलेलं माणूस तिथे कोणाला खटकत नाही. मी आजोबांसाठी सोडलं होतं पाणी, का ते विचारू नकोस.

वाट फोचा निजलेला बुद्ध बघायचाच, 46 मीटर लांब, तळव्यांवर शिंपल्याच्या नक्षीत 108 मंगलचिन्हं. पाठीमागच्या बाजूला 108 भांडी ओळीने ठेवलीयत, त्यात एकेक नाणं टाकत जायचं. तिथे फोटोसाठी थांबू नकोस, मैत्रिणीच्या मागोमाग नाणी टाकत चाल, तो टण टण आवाज राहतो कानात.

आणि जायच्या आधी आईला फोन करून तुझा जन्मवार विचारून ठेव. तिकडे प्रत्येक वाराची बुद्धमूर्ती वेगळी, मंगळवारची निजलेली, गुरुवारची ध्यानातली, शनिवारची नागाच्या फण्याखालची, आणि आपापल्या वाराच्या मूर्तीपुढे फुलं-उदबत्ती ठेवतात. मैत्रीण नक्की विचारेल. बुधवार निघाला तर वेळही विचार, कारण बुधवारच्या दोन आहेत, दिवसाची वेगळी आणि रात्रीची वेगळी.

ताई