रंगीत नाण्यांआधी लिप्पीचं नाणं बघ

अरे, चित्रकारांवरची नाणी जमवायची म्हणतोस ना? मग राफाएल, लिओनार्दो ही नावं दिसली की लगेच रंगीत चांदीच्या नाण्यांवर उडी मारू नकोस. त्यांतल्या बऱ्याच नाण्यांवर चित्र नुसतं छापलेलं असतं. भिंगाखाली धर, शाईचे ठिपके दिसतील. भाव मात्र चांदीच्या कितीतरी पट! मला तर तो प्रकार नाणं कमी नि स्टिकर जास्त वाटतो.

सुरुवात सान मारिनो या इटलीने वेढलेल्या चिमुकल्या देशाच्या २०१९ च्या दोन युरोंच्या नाण्यापासून कर. पंधराव्या शतकातला इटालियन चित्रकार फिलिप्पो लिप्पी याच्या ५५० व्या स्मृतिवर्षाचं. फ्लोरेन्सच्या उफ्फिझी संग्रहालयातल्या त्याच्या चित्रातली येशूची आई मेरी २५.७५ मिलिमीटरच्या नाण्यात ठशाने उठवलीय. दिवा तिरपा धरलास की चेहऱ्याची कड कशी उठून येते ते बघच. फोल्डरसकट, म्हणजे ज्या छापील पाकिटात ते विकलं गेलं त्यासकट घे, पाकीट फोडलेलं असेल तर घासाघीस कर. आणि चिंच लावून उजळायचा विचारही नको!