ब्लॉगसाठी सबडोमेन घेण्याआधी
दुकानाच्या साइटला ब्लॉग जोडायचाय ना? मग सबडोमेन (मुख्य पत्त्याच्या आधी जोडलेलं नाव, जसं ब्लॉग डॉट दुकान डॉट कॉम) नको, सरळ फोल्डरमध्येच (दुकान डॉट कॉम स्लॅश ब्लॉग) टाक. गूगल म्हणतं, सबडोमेन असो वा फोल्डर, आम्हाला दोन्ही चालतं. खरंय, पण सबडोमेनने व्याप तुझाच वाढतो. रोबोट्स डॉट टीएक्सटी, म्हणजे कुठली पानं धुंडाळायची ते सर्च इंजिनला सांगणारी फाइल, प्रत्येक सबडोमेनला वेगळी लागते. कुकी (गिऱ्हाईक ओळखायला ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद) मुख्य डोमेनच्या, म्हणजे साइटच्या मूळ पत्त्याच्या नावाने सेट केली नसेल, तर दुकानात लॉगिन केलेलं गिऱ्हाईक ब्लॉगवर अनोळखी ठरतं. कार्ट रिकामी दिसली की ते गेलंच समज. विकिपीडियासारखं भाषेगणिक स्वतंत्र विश्व असेल तर सबडोमेन शोभतं, चार लेखांसाठी कशाला? टेस्टिंगसाठी खुशाल घे, पण पासवर्ड लाव, नाहीतर अर्धवट पानं सर्चमध्ये झळकतात. आणि साइटच्या पत्त्यात डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू हवं की नको ते आजच ठरवून, नको असलेल्या पत्त्यावरून हव्या त्या पत्त्यावर ३०१ रीडायरेक्ट (कायमचं वळवणं) टाक.