आजची भाकर आज

प्रिय मुली,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं, आणि खरं सांगते, थोडा रागही आला. रात्रपाळी सुरू झाल्यापासून गुडघे टेकले तरी आत काही हलत नाही, म्हणून देवाने पाठ फिरवली असं तू ठरवूनच टाकलंस. त्यात बाबांचं ऑपरेशन, घराचे हप्ते, ठरलेलं लग्न. या सगळ्याला पुरेल एवढा विश्वास कुठून आणू, असं विचारतेस.

एवढा सगळा आजच आणायला तुला सांगितलं कोणी?

रानात इस्राएल लोकांना मान्ना, म्हणजे देवाने आकाशातून दिलेलं अन्न, मिळे तो माणशी एक ओमर, म्हणजे एक ठरलेलं माप, त्या दिवसापुरता. ज्यांनी सकाळसाठी मागे ठेवला, त्यांच्या मान्न्यात किडे पडले. शब्बाथासाठी, म्हणजे विसाव्याच्या दिवसासाठी, मात्र देवानेच आदल्या दिवशी दुप्पट दिला, तो नासला नाही. हिशोब त्याच्याकडे आहे, बाळ. आपण दर रविवारी म्हणतो ते काय, 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे.' बाबांच्या ऑपरेशनच्या दिवसाची कृपा त्या दिवशी येईल. ती आज शोधलीस तर सापडणारच नाही. आजची भाकर आज.

आणि ते 'वाटणं' जरा बाजूला ठेव. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ चा, इंग्लंडमधला. त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय की त्यानंतर कितीतरी वर्षं ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता. त्याच कोरड्या वर्षांत, १८८९ मध्ये, त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं. आधी मन भरून येऊ दे, मग विधवा मुलींना घरात घेते, असं म्हणत त्या बसल्या नाहीत. पुढे १९२१ मध्ये पोटची मनोरमा गेली, तरी बायबलच्या भाषांतराचं काम त्यांनी सोडलं नाही.

आमच्या घरचं तू लहानपणी पाहिलंयस. ह्यांना अर्धांगवायू झाला तेव्हा दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठ कोरडी करून पावडर लावायची, चमचा ओठाच्या चांगल्या बाजूने आत घालून पेज गिळेपर्यंत थांबायचं. त्या रात्रींत मला दर्शन झालं नाही की अंगावर शहारा आला नाही. पण रात्री तीनला उठायचं बळ तीनलाच आलं, आणि ते माझं नव्हतं. माझी झोप आणि माझा स्वभाव मला चांगला ठाऊक आहे. काही जण येऊन सांगत, बाई, तुमचा विश्वास कमी पडतो, म्हणून हे उठत नाहीत. मी त्यांच्या प्रार्थनासभेला जाणं सोडलं. लोक हट्टी म्हणाले. म्हणू देत. आजही सोडलंच असतं. प्रेषित पौलाने प्रभूला तीनदा विनवूनही त्याच्या शरीरातला काटा निघाला नाही. 'माझी कृपा तुला पुरे आहे' एवढंच उत्तर मिळालं. मग पौलाचा विश्वास कमी होता का?

मला सल आहे ती वेगळीच. हे धडधाकट होते ती वर्षं मी पुढच्या काळज्यांत घालवली. संध्याकाळी ते ओट्यावर बसून हाक मारत आणि मी आत पासबुकं जुळवत बसे. तेव्हा कोणी मला खडसावलं असतं तर बरं झालं असतं. म्हणून तुला खडसावते आहे. आजची भाकर आज, मुली.

आज ड्युटीला जाशील तेव्हा लांबलचक प्रार्थना करू नकोस, डोळे मिटत असतील. पहिल्या पेशंटचा बीपी घेण्याआधी 'प्रभू, आजच्या रात्रीपुरतं दे' एवढं म्हण आणि पट्टा बांध. लग्नाचा विषय आपण तू सुट्टीवर आलीस की बोलू. मुलाकडच्यांना घाईने काही कळवू नकोस. बाबांची ऑपरेशनची तारीख मिळाली की लगेच फोन कर, त्या दिवशी मी तिथे येऊन बसेन.

तुझी,
मावशी