रक्त येतं म्हणून ती जागा सोडू नका (माझी दाढ अशीच गेली)

ताई, तुम्ही लिहिलंयत की खाली उजवीकडे ब्रश लागला की रक्त येतं, म्हणून तिथे ब्रश नुसता टेकवता आणि फ्लॉस, म्हणजे दातांच्या फटीत फिरवायचा दोरा, तर बंदच केलाय. वाचून पोटात धस्स झालं. मी अगदी हेच केलं होतं, तेही दीड वर्ष. त्याच बाजूची एक दाढ आज माझ्या तोंडात नाही.

मी डॉक्टर नाही, ऑफिसात हिशेब बघते. तेव्हा हा फक्त माझा अनुभव आणि पुढे डॉक्टरांकडून जे समजून घेतलं ते. दोन वेळा ब्रश, मऊ ब्रिसल्स, फ्लोराइडची पेस्ट हे तुम्ही करताच आहात, त्यात शिरत नाही.

तेव्हा मी डोंबिवलीहून सकाळची लोकल धरायचे. बेसिनमध्ये थुंकी गुलाबी दिसली की वाटायचं, जखम आहे, हात लावला नाही की भरून येईल. इथेच चुकलं. कोपर खरचटलं तर हात न लावणं ठीक, पण हिरडीच्या कडेला जो चिकट पांढरट थर साचतो त्यानेच ती सुजते, आणि सुजलेली हिरडी जरा धक्का लागला की रक्त सोडते. आपण घाबरून ती जागा सोडतो, थर आणखी साचतो, काही दिवसांत कडक होऊन त्याचं कीटण होतं. एकदा कीटण झालं की ब्रशने ते निघत नाही, कितीही घासा. त्यात माझी आणखी एक वाईट सवय. डबा खाऊन झाला की बांगडीतली सेफ्टी पिन काढून त्या फटीत फिरवायची. कृपा करून हे कुणी करू नका.

मग वास यायला लागला. मी माउथवॉश आणला. वास दबला आणि मला वाटलं, बरं होतंय. रक्ताचं म्हणाल तर, जिथे ब्रशच लागत नव्हता तिथे ते दिसणार कसं?

स्केलिंग, म्हणजे डॉक्टरांकडून कीटण काढून घेणं, करावं असं मनात आलं होतं, पण आत्या म्हणाली, "नको गं, दात हलायला लागतात." आपल्याकडे घरोघरी हे ऐकायला मिळतं. खरं असं की कीटणाखाली हाड आधीच झिजलेलं असतं आणि कीटण दातांना धरून असतं. ते काढलं की दात आधीच किती सैल झालाय ते कळतं. थंड पाणी काही दिवस झोंबतं, फटी मोठ्या वाटतात, आणि खापर स्केलिंगवर फुटतं. आत्याने मायेनेच सांगितलं, पण त्यात माझं वर्ष गेलं.

शेवटी चावताना दाढ हलायला लागली तेव्हा गेले. डॉक्टर बारीक खुणा असलेली सळई हिरडीत घालून आकडे सांगत होत्या आणि मदतनीस मुलगी लिहून घेत होती. तीन, दोन, तीन. दोन, दोन, तीन. मग उजवीकडे आल्या आणि म्हणाल्या, सहा, सात, आठ. खुर्चीत आडवी पडूनसुद्धा मला कळलं की काहीतरी बिनसलंय. ते मिलिमीटर असतात. तीनपर्यंत ठीक, त्यापुढे हिरडी दातापासून सुटून खिसा झालेला असतो. गेलेलं हाड आपोआप परत येत नाही. तुम्ही जाल तेव्हा हे मोजमाप मागून घ्या, नुसतं "क्लीनिंग करून देतो" यावर उठू नका.

आता तुम्ही काय करायचं? माझं ठाम मत आहे की रक्त येतं तिथेच रोज, हलक्या हाताने, जास्त वेळ द्यायचा. ब्रश हिरडीच्या कडेकडे तिरका धरायचा आणि जागच्या जागी हलकेच हलवायचा, करवतीसारखा ओढायचा नाही. फ्लॉस हातभर घ्या, दोन्ही मधल्या बोटांना गुंडाळा, फटीत खटकन दाबू नका, सरकवत न्या. मग एका दाताला कवेत घेऊन हिरडीच्या किंचित आतपर्यंत खाली-वर, नंतर शेजारच्या दाताला तसंच. फट मोठी असेल तर छोटे इंटरडेंटल ब्रश जास्त चांगले, माप डॉक्टरांकडून घ्या. पहिले काही दिवस रक्त येईलच, घाबरू नका. दोन आठवडे रोज करूनही थांबलं नाही तर मात्र थांबू नका, दाखवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा गरोदर असाल तर डॉक्टरांना आत्ताच सांगा. आणि शुगर तपासा. मधुमेहात हिरड्यांचा त्रास वाढतो आणि हिरड्या बिघडल्या की शुगरही आवरत नाही.

खर्चाचं विचारलंयत. मेडिक्लेमच्या भरवशावर राहू नका. मी कागद घेऊन तीन चकरा मारल्या, दर वेळी खिडकीवर नवा फॉर्म, आणि शेवटी उत्तर आलं, दातांचं यात बसत नाही. हेच पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर माझ्या तीन अर्ध्या रजा वाचल्या असत्या. अजून राग येतो. बहुतेक पॉलिसींत अपघात सोडला तर दात धरतच नाहीत, आपली आधी वाचा. खासगी परवडत नसेल तर सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय किंवा मुंबई सेंट्रलचं महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे. वेळ लागतो, विद्यार्थी वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम करतात, पण फी खासगीपेक्षा पुष्कळ कमी. सकाळी लवकर पोचा.

जाता जाता, रात्री ब्रश केल्यावर पेस्ट थुंका पण खळखळून चूळ भरू नका, फ्लोराइड दातांवर राहू द्या. कोकम सरबत किंवा लिंबूपाणी प्यायल्यावर अर्धा तास ब्रश नको. आणि घरात कुणी मिश्री लावत असेल तर ती तंबाखूच आहे. तंबाखू ओढणाऱ्यांना तर हिरड्या आतून बिघडल्या तरी रक्त कमी येतं, त्यामुळे त्यांना पत्ताच लागत नाही. तुम्हाला रक्त दिसतंय तोवरच, याच आठवड्यात दाखवून या.